वाघ सोडवायचा राहिला

१८ ऑगस्ट १९९९

घोडेगावचं तीन दिवसांचं प्रशिक्षण उरकून दुपारी शाळेवर परतलो. प्रशिक्षण म्हणजे चहा, वडापाव आणि हजेरीची सही, असा माझा आजवरचा अनुभव. या वेळी पुण्याहून आलेल्या बाई मात्र कामाचं बोलल्या. मुलग्यांना आपण लहानपणापासून ‘रडतोस काय पोरीसारखा’ म्हणून गप्प करतो. मग मनातलं बोलायची वाटच बुजते. अशी पोरं एक तर मारामाऱ्या करतात, नाही तर मुकी होतात, आणि दोन्हीकडची अभ्यासात मागं पडतात. मला आमचं वसतिगृहच डोळ्यांसमोर दिसलं. मारणारा म्हणजे सातवीतला पप्पू आणि मुका म्हणजे त्याच वर्गातला भागू.

भागूची आई गेल्यापासून तो या आश्रमशाळेत आहे. बोलताना अडखळतो, म्हणून बोलतच नाही. पोरं त्याला पंगतीतून हुसकतात. तो अर्धी भाकरी घेऊन मागच्या दारी जातो आणि शाळेच्या दोन कुत्र्यांबरोबर खातो. बाप, कुशाबा, म्हणतो की सातवी झाली की म्हशींमागं घालतो. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. भागू त्यात पास झाला तर घोडेगावच्या वसतिगृहात हायस्कूलची सोय होईल, नाही तर हा मुलगा जन्मभर कडेकपारीत म्हशी वळणार. या वर्षी मी त्याला पास करणार, हे इथं लिहून ठेवतो.

हेडसरांना सांगितलं. ते म्हणाले, आधी पाढे पाठ करून घ्या, मग मनं.

९ सप्टेंबर

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ‘मनातलं’ सुरू केलंय. पोरं गोल बसतात आणि प्रत्येकानं आज काय वाटलं ते सांगायचं. नियम एकच: मनात नाही ते तोंडात आणायचं नाही. खोटं गोड बोललेलं मला चालणार नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं.

आठवडाभर सगळ्यांना फक्त भूकच वाटत होती. पण आज एक धाकटा घरच्या आठवणीनं रडला आणि कोणी हसलं नाही. भागूवर पाळी आली. बराच वेळ ओठ हलत राहिले. मग म्हणाला, “कु... कुत्री चांगली हायेत.” तेव्हा मात्र सगळे खो खो हसले, पप्पू सगळ्यात जोरात. भागू उठून मागच्या दारी गेला.

मला पोरांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर भागूचाही आला. एवढं लिंबासारखं तोंड करून बसलं तर कोण जवळ घेणार?

२९ ऑक्टोबर

वाघबारस आली. या बाजूच्या वाड्यांमध्ये ती गुराख्या पोरांची असते. वाघोबाच्या शिळेला शेंदूर लावतात, घरोघरचं दूध जमवून खीर शिजवतात. एका पोराला वाघ करतात, अंगावर राखेचे ठिपके काढून. बाकीची पोरं त्याला ओरडत, ढेकळं मारत गावाच्या शिवेपर्यंत पळवतात. तिथं विचारायचं, ‘आमच्या शिवेत पुन्हा येशील का?’ त्यानं म्हणायचं, ‘नाही येणार.’ मग त्याच्या डोक्यावर पाणी ओततात, त्याच्या नावानं हाक मारतात आणि खीर भरवतात. झाला पोरगा परत पोरगा. याला वाघ सोडवणं म्हणतात.

या वर्षी सहामाही परीक्षा लांबल्यामुळे पोरं वाघबारशीला शाळेवरच असणार. म्हणून शाळेच्या पटांगणात करायचं ठरवलं. दर वर्षी गावात पप्पूच वाघ होतो. मी भागूला केलं. पप्पूचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शेवटचा भाग मात्र मी बदलणार आहे. ज्या पोराला सगळे वर्षभर हाकलतात, त्याला सणाच्या दिवशीही ढेकळं मारून हाकलायचं? प्रशिक्षणवाल्या बाईंनी ऐकलं असतं तर हाय खाल्ली असती.

६ नोव्हेंबर

परवा वाघबारस झाली. पोरांना घरी पाठवायच्या गडबडीत लिहायला आज सवड मिळाली.

ठिपके मी स्वतः काढले. भागू हूं की चूं न करता उभा होता. पोरांनी हाकारा सुरू केला आणि त्यानं जी उडी घेतली, ती बघून मीच थक्क झालो. पटांगणभर तो असा काही फिरला की ओरडणारी पोरं मागं सरकत सरकत भिंतीला टेकली. हा पोरगा पळू शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मग शीव नाही, ढेकळं नाहीत. मी सगळ्यांना गोल उभं केलं, भागूला मध्ये घेतलं, झेंडूची माळ घातली आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, “तू आमचाच आहेस. इथंच राहा.” मोठ्यानं, तीनदा. आमची स्वयंपाकीण सोनीबाई खिरीचा टोप घेऊन उभी होती. ती म्हणाली, “गुरुजी, इचारायचं ऱ्हायलं की.” मी म्हटलं, या वर्षी राहू दे, सोनीबाई. डोक्यावर पाणी ओतायचंही राहूनच गेलं.

खीर त्यानं खाल्ली नाही. पोरांकडे एकेक करून बघत होता. अडखळणाऱ्या मुलाच्या नजरेत असा ठामपणा आला तो एका खेळानं. मला तर भरून आलं.

२१ नोव्हेंबर

दिवाळी पिंपरी पेंढारला घरी झाली. बायको, मंगल, या वेळीही बदलीच्या अर्जाबद्दल बोलली. आळेफाट्याला एसटी चुकल्यानं शाळेवर पोचायला चार वाजले. उद्यापासून शाळा, म्हणजे आज इथं चिटपाखरू नसणार असं समजून कुलूप काढलं, तर भागू व्हरांड्यात उन्हाला पडलेला. कधी आलास विचारलं. म्हणाला, “घरी एक दिस राहिलो. मंग आलो.” म्हणजे दोन आठवडे हा इथं एकटा! काय खाल्लंस म्हटलं, तर ‘मिळालं’ म्हणाला. बापाला सांगून आलास का, तर म्हणाला, “तुमीच म्हनलं व्हतं ना, इथंच राहा.”

एकदाही अडखळला नाही. मी दोनदा-तीनदा मुद्दाम बोलतं केलं. शब्द स्वच्छ. अंगावरचे राखेचे ठिपके अजून पुरते गेले नव्हते. आंघोळ घालायला हवी.

शाळेची अशी ओढ लागलेला विद्यार्थी माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत मी पाहिला नाही.

८ डिसेंबर

भागूची प्रगती लिहायला शाई पुरायची नाही. गणितं एकदा सांगितली की झाली. तासन्‌तास हलत नाही, मानसुद्धा नाही. पंगतीत त्याला आता पहिली जागा मिळते. रविवारी जेवणात अंडी होती, तर पप्पूनं स्वतःचं अंडं उचलून भागूच्या ताटात ठेवलं आणि लांब जाऊन बसला. हृदयपरिवर्तन म्हणतात ते हेच असावं.

वसतिगृहात मारामाऱ्या बंद झाल्या. एवढी शांतता आहे की हेडसर मला म्हणाले, तुमच्या पद्धतीत काहीतरी आहे बुवा. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शाळेची दोन्ही कुत्री दिवाळीपासून दिसत नाहीत. सोनीबाई हळहळते. मी भागूला विचारलं, तुला वाईट वाटतं का? तो म्हणाला, “ती मला वळखंना झाली.”

४ जानेवारी २०००

सकाळी वसतिगृहात डोकावलो. पोरांनी सगळ्या सतरंज्या ओढून खोलीच्या मधोमध एकाला एक लावल्यात. भागू एकटा दाराशी झोपतो. थंडीमुळे असेल, किंवा भागूनं राखणीची जबाबदारी घेतली असेल. लाजरं पोर पुढारी झालं, यापेक्षा आणखी काय हवं.

कवायतीला मात्र वैताग. पटांगणामागच्या ऐनाच्या झाडावर वानरं बसतात. भागूला मी रांगेच्या पुढं ठेवलाय. रांग बाहेर पडली की वानरं खॉक-खॉक करून सगळं रान डोक्यावर घेतात. पोरं चिडीचूप. माझा ‘एक-दोन’ कोणाला ऐकू जात नाही. उद्या भागूला मागं ठेवून बघतो.

५ जानेवारी

मागं ठेवला. पोरांना पुढं चालता येईना. सारखी वळून वळून बघत होती. परत पुढं घेतला.

१९ जानेवारी

‘मनातलं’ हल्ली लवकर आटोपतं. पोरं म्हणतात ‘बरं वाटतंय’ आणि गप्प. आज पप्पूनं हात वर केला आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, “मला भीती वाटत न्हाई.” त्याचे पाय थरथरत होते. हिवताप नसेल ना, म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

भागू मात्र नियम पाळून बोलतो. आज म्हणाला, “कुनी पळालं की मला बरं वाटतं. कुनी पाठ केली की त्याच्याकडं बघतच ऱ्हावं वाटतं.” मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. मनातलं एवढं नेमकं सांगणं मोठ्या माणसांनाही जमत नाही. टाळ्या वाजल्या, पण मनापासून वाजल्या नाहीत.

सोनीबाईची शेळी गेली. वाघानं नेली म्हणतात. बिबट्यालाही हे लोक वाघच म्हणतात. वनखात्याकडे अर्ज लिहून दिला.

२ फेब्रुवारी

कुशाबा आला होता. आत येईना, व्हरांड्याच्या खालीच उभा. घरी दिवाळीला पोरगा पाय ठेवताच म्हशींनी दावी तोडली, म्हणाला. एक दिवस ठेवला आणि बापानंच त्याला जा म्हटलं. सांगताना माणूस खाली बघत होता.

“गुरुजी, तुमी त्याला वाघ केला, त्याला आमी काय बोलत न्हाई. पन सोडवला न्हाई. आता सोडवा. माजं पोरगं मला पायजे.”

मी त्याला बसवून समजावलं. पोरगा पहिल्यांदा हुशार झालाय, धीट झालाय, बोलतोय. बापाला अभिमान वाटायला हवा. असल्या समजुतींना शिक्षकानं खतपाणी घालायचं नसतं. आणि परीक्षा तोंडावर आहे. या शाळेतून आजवर कोणी शिष्यवृत्तीत आलेलं नाही. आता शिवेवर नेऊन तमाशा केला आणि पोरगा पुन्हा अडखळायला लागला तर? हा विचार मनात आला, तो नियमाप्रमाणे इथं लिहितो. कुशाबाला म्हटलं, परीक्षा झाली की बघू.

तेवढ्यात भागू वर्गातून बाहेर आला. बाप त्याला बघून उठला आणि मागं मागं सरकत पटांगणाबाहेर गेला. त्यानं पाठ वळवली नाही. अडाणी लोकांत भावना दाखवायची रीत निराळी असते.

१४ फेब्रुवारी

परीक्षा झाली. घोडेगावच्या स्टँडवर बाजाराच्या बैलगाड्या होत्या. आम्ही उतरलो आणि बैल उधळले. एसटीच्या हॉर्ननं असणार.

पेपर भागूला सोपा गेला. मी त्याला भजी घेऊन दिली. खाल्ली नाहीत. येताना गाडीत शेजारी बसला होता. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला तर अंग चांगलंच कढत. ताप नव्हता. हात काढून घ्यावासा वाटला, पण मी काढला नाही. पोराला आई नाही.

११ मार्च

पप्पू घरी गेला तो परत आला नाही. निरोपावर निरोप धाडले. त्याच्यामागं आणखी पोरं जायला लागली. कोणाचा बाप येतो, पेटी उचलतो, माझ्याशी धड बोलतही नाही. हिरडा गोळा करायचा हंगाम नाही, लग्नसराई नाही. मला उलगडत नाही. एवढं चांगलं चाललं होतं.

१२ एप्रिल

जेवणघरात आज आठ-दहा ताटं. हेडसर भडकलेत. तपासणी आली आणि शाळा रिकामी दिसली तर काय सांगायचं? म्हणाले, त्या लोकांना काय हवं ते एकदाचं करून टाका, गुरुजी.

भागूला विचारलं, शिवेवर जाऊ या का? तो म्हणाला, “तुमी म्हनाल तर.” मग म्हणाला, “मला आईचं तोंड आठवंना झालंय. आदी आठवायचं.”

वर्षभर पोरांना वाटेल ते बोला म्हणत आलो आणि आज मला जीभ उचलेना. मी घाबरलोय. असं पहिल्यांदाच लिहितोय.

२४ एप्रिल

काल झालं ते जसंच्या तसं लिहून काढतो, म्हणजे जरा डोकं ताळ्यावर येईल.

ऊन कलल्यावर सगळे शिवेवर जमलो. पोरं, त्यांचे बाप, सोनीबाई खिरीचा टोप घेऊन. पप्पूही बापाचा हात धरून आला होता. एरवी पोरंच विचारतात, पण कुशाबा म्हणाला, “ज्यानं ठेवून घेतला त्यानंच इचारायचं.” पाण्याचा हंडा त्यानं स्वतः डोक्यावरून आणला होता, शिवेच्या दगडाजवळ ठेवून हात जोडून उभा राहिला.

पोरांनी हाकारा केला. ढेकूळ कोणी उचललं नाही. भागू पळाला नाही, सावकाश चालत शिवेच्या दगडापर्यंत गेला आणि वळून उभा राहिला. मी विचारलं, “आमच्या शिवेत पुन्हा येशील का?”

तो माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, “गुरुजी, मनात न्हाई ते तोंडात आनायचं न्हाई ना?”

मी म्हटलं, “आजच्या दिवस चालेल, भागू. नाही म्हण. खोटं का होईना, म्हण.”

मग त्याचा चेहरा बदलला. माझा जुना भागू, मागच्या दारी भाकरी खाणारा. डोळ्यांत पाणी आलं, ओठ हलायला लागले. “न्... न्... न्...” मानेच्या शिरा ताणल्या, तरी शब्द निघेना. कुशाबा हंडा उचलून पुढं धावला. मी ओरडलो, “म्हण ना रे!” वर्गात कोणी अडखळला की मी असं कधी ओरडत नाही.

ओठ थांबले. चेहरा पुसल्यासारखा झाला. आणि तो स्वच्छ आवाजात म्हणाला, “येईन, गुरुजी.”

नंतर तो शिवेपलीकडे चालत गेला, कारवीच्या झुडपांत शिरला, आणि दिसेनासा झाला. त्याच्यामागं एकही माणूस गेला नाही. मीही गेलो नाही.

२ मे

वनखात्याची माणसं, पोलीस, सगळं झालं. काही सापडलं नाही. पोरगा रानात राहिलेला आहे, भूक लागली की येईल, असं मी सगळ्यांना सांगतो. मंगलची चिठ्ठी आली, घरी या म्हणून. आज ना उद्या जाईन असं तिला कळवलं.

कुशाबा रोज संध्याकाळी शिवेवर येऊन बसतो आणि भागूच्या नावानं हाका मारतो. वाघाचा परत पोरगा होताना नावानंच तर हाक मारायची असते. त्यानं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

१९ जून

शाळा उघडली. पोरं आलीत, पप्पूसुद्धा. रात्री दारं घट्ट लावून झोपतात. ‘मनातलं’ मी बंद केलंय.

आज शिष्यवृत्तीचा निकाल आला. भागू जिल्ह्यात वरच्या नंबरात आहे. हेडसरांनी पेढे मागवले. मी ते घेतले आणि शिवेवर जाऊन कुशाबाला निकाल सांगितला. तो म्हणाला, “मंग आता सांगा त्याला.” तेवढं बोलून त्यानं पेढा दगडावर ठेवला.

खरंच आहे. त्याला कोणीतरी सांगायला हवं. एवढा अभ्यास केला त्यानं.

पाच वाजलेत. पोरांना मी सोनीबाईबरोबर जेवणघरात पाठवलंय आणि आतून कडी लावून घ्यायला सांगितली आहे. सातवीच्या वर्गात मी एकटाच आहे. दार उघडं टाकलंय. इथंच राहा म्हणणारा मी, मग ते लावणार कोणत्या तोंडानं? त्याच्याच बाकावर, दाराकडे पाठ करून बसलोय. कोणी पाठ केली की तो बघत राहतो, हे त्यानंच तर मला सांगितलं होतं, आणि मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मघापासून त्याच्या नावानं हाका मारतोय आणि मध्ये मध्ये हे लिहितोय. एखादी हाक तरी लागेल. मग तो पोरगा होऊन आत येईल आणि मी त्याला निकाल दाखवीन.

ऐनावर वानरं मघापासून ओरडत होती. आत्ताच गप्प झाली.